भवानीच्या कुस्तीचे हक्क

सौकारपेट, चेन्नई
२४ मार्च २०२५

भवाने,

म्हणजे शेवटी मीच अडाणी ठरलो. रविवारी तालमीत वस्ताद पाच मिनिटं फोन देतात. त्यातली तीन बा खातो आणि राहिलेल्या दोनात तू मला म्हणतेस, "दादा, तुला त्यातलं कळत नाही," आणि फोन ठेवतेस. तर आता कागदावर ऐक. कागद मध्येच ठेवता येत नाही.

त्र्यंबकतात्या आपला चुलता आहे, यात्रा कमिटीचा अध्यक्ष आहे, सगळं मान्य. पण म्हणून यात्रेतलं कुस्तीचं मैदान त्याचं झालं काय? माती ओढ्याकाठची, तेल-ताक गावातल्या घराघरातलं, हलगी आपल्या माणसांची, आणि वर्गणी आम्हा गलाईवाल्यांची. इथं चेन्नईत, सेलमला, मदुराईला, त्रिचीला, जिथं जिथं आपल्या गावचा माणूस भट्टीपुढं बसून लोकांचं जुनं सोनं वितळवतोय, तिथून तिथून यात्रेला पैसा जातो. गावाला जाता आलं नाही तरी वर्गणी चुकत नाही. त्या बदल्यात आम्हाला काय मिळायचं? हायस्कूलच्या गच्चीवर काठीला एक मोबाईल बांधलेला असायचा. त्यावरनं अख्खं मैदान यूट्यूबला दिसायचं, फुकट. निम्मा वेळ कुणाचा तरी फेटाच दिसायचा, पण दिसायचं.

आता तात्यानं तीन वर्षांचे लाइव्हचे हक्क त्या अ‍ॅपवाल्यांना विकले. कुस्ती गावात होणार आणि गावच्याच माणसानं ती नव्याण्णव रुपये भरून बघायची. दुसऱ्या कुणी मोबाईल वर केला तर कमिटीची पोरं काढून घेणार म्हणे. क्रिकेटचं असं होतं ते मला कळतं. ते मोठं प्रकरण आहे, एक वर्ष या चॅनेलवर, दुसऱ्या वर्षी त्या अ‍ॅपवर, माणसानं नुसतं मागं मागं पळायचं. पण आपल्या ओढ्याकाठच्या मैदानाचे हक्क? माझी आठवीच झालीय, पण एवढं मला कळतं की हे बरं नाही. तू मात्र तात्याची बाजू घेतेस. का घेतेस तेच मला कळत नाही.

यंदा मला येता येत नाही. मालकांना दोनदा विचारलं. मालक आपल्याच गावचे, पण धंद्यात गाव विसरतात. तीस एप्रिलला अक्षय्यतृतीया. इथली माणसं त्या दिवशी गुंजभर का होईना सोनं घेतातच, आणि त्यापायी आधीचे तीन आठवडे जुने दागिने मोडायला येतात. भट्टी विझत नाही. "सुट्टी मागशील तर कायमची घे," म्हणाले.

आणि यंदाच तुझी कुस्ती लागलीय. चार वर्षं तुझ्या खुराकाचे पैसे पाठवतोय, पण तुला मातीत एकदाही बघितलेलं नाही. बा म्हणतो, बारावी झाली की लग्न करून द्यायची. मी त्याला सांगितलंय, "तिची एक कुस्ती मला डोळ्यांनी बघू दे, मग बोलतो." दम दिसला तर मी बाशी भांडेन. नाही दिसला तर बा म्हणतो तसं. उगाच चार जणांनी पाठ थोपटली म्हणून मी तुला तालमीत ठेवणार नाही, आधीच सांगतो.

तुझा
संताजीदादा

*

मुलींची तालीम, सांगली
३१ मार्च २०२५

दादा,

तुझं पत्र वस्तादांनी आधी स्वतः वाचलं आणि मग मला दिलं. "भाऊ कडक आहे तुझा," म्हणाले. मी म्हटलं, "कडक नाही, चेन्नईच्या उन्हानं तापलाय."

मी तात्यांची बाजू का घेते ते सांगते, शांतपणे वाच. आपल्या मैदानात आजवर पोरींची कुस्ती कधी लागली होती? दोन वर्षांमागं वस्ताद स्वतः विचारायला गेले, तेव्हा तात्या म्हणाले होते, "पोरींनी आरतीचं ताट धरावं, मैदानात काय काम?" यंदा त्याच तात्यांनी स्वतःहून फोन केला. का, तर त्या अ‍ॅपवाल्यांनी अट घातली. पोरींच्या चार कुस्त्या पाहिजेत, त्याला बघणारे जास्त मिळतात. तुझ्या फुकटच्या मोबाईलनं माझी कुस्ती लावली नसती. नव्याण्णव रुपयांनी लावली.

हे मला आवडतं असं नाही. बघणारे जास्त मिळतात म्हणजे कशासाठी बघतात तेही मला माहीत आहे. पण मातीत उतरायला मिळतंय ना. एकदा उतरले की बघणाऱ्यानं कशासाठी बघितलं ते माझ्या हातात नाही.

जोड अवघड लावलीय. सोलापूरकडची पोरगी आहे, राज्याला दोनदा पदक, माझ्यापेक्षा सात किलोनं जास्त. तात्यांना वाटत असेल लवकर उरकेल. वस्ताद म्हणतात, "पहिली दोन मिनिटं काढ, मग तिला दम लागतो."

तू मला डोळ्यांनी बघून ठरवणार, हे वाचून पहिल्यांदा रागच आला. चार वर्षं पहाटे उठते ते काय तुझ्या परीक्षेसाठी? मग वाटलं, बघच. सतरा एप्रिलला चार वाजता. नव्याण्णव रुपये भर, मोबाईल चार्ज कर आणि भट्टीकडं पाठ करून बस.

भवानी

*

सौकारपेट, चेन्नई
१९ एप्रिल २०२५

भवाने,

काय लिहू? शिव्या लिहिल्या तर वस्ताद आधी वाचणार.

सगळी तयारी केली होती. नव्याण्णव रुपये भरले. मालकांना म्हटलं, आपल्या गावची पोरगी आहे, एक तास भट्टी राहू दे. मालक बसले, शेजारच्या गलाईतले आले, आम्ही नऊ जण. मोबाईल सोनं वितळवायच्या मुशींच्या फळीला टेकवून उभा केला. वरच्या मजल्यावरचे गुरुमूर्ती राव पण आले. त्यांच्याबद्दल तुला सांगितलंय का आठवत नाही. तंजावरकडचे मराठी म्हातारे, एग्मोरच्या रेल्वे ऑफिसात कारकून होते. रोज संध्याकाळी दुकानात येऊन बसतात, का, तर मराठी बोलायला माणूस मिळतो. त्यांची मराठी अशी जुनी की पहिले सहा महिने मला वाटायचं ते मंत्र म्हणतायत. कुस्तीतलं त्यांना ओ का ठो कळत नाही. पण म्हणाले, "तुझी भगिनी म्हणजे आम्हांसही बघणे आहेच."

तीन वाजल्यापासून बघत होतो. चित्र कसं स्वच्छ. आपला ओढा, आपली माती, तात्या नवा फेटा बांधून कॅमेऱ्याच्या पुढं पुढं. मध्ये मध्ये सिमेंटची जाहिरात. चार वाजून गेले. निवेदकानं आवाज चढवला, "आता आपल्या गावची लेक..." आणि पडदा काळा. वर इंग्रजीत काहीतरी. गुरुमूर्तींनी चष्मा लावून वाचलं, "एका वेळी तीनच यंत्रांवर बघता येईल, असे लिहिले आहे." परत आत गेलो की परत बाहेर. पासवर्ड टाकतोय, परत बाहेर. बारा वेळा केलं असेल. आत शिरलो तेव्हा दुसऱ्याच पोरांची कुस्ती चालू होती.

पैसे घेऊन ऐन वेळी माणसाला दाराबाहेर काढायचं, याला धंदा म्हणतात. मी त्या कंपनीला सोडणार नाही.

मग रात्री मोबाईलवर ते रील आलं. आठ सेकंदांचं. तुला उचललं, तू पडलीस, वर ढोल वाजतायत, पडताना तुझं तोंड मोठं करून दाखवलंय. तोंडाएवढंच दिसतंय, मागं काय झालं, पुढं काय झालं, काही नाही. चौपन्न हजार लोकांनी बघितलंय. आणि तात्याचा फोन, "संताजी, लेक पडली रे. किती दिवस पैसे घालवणार? बारावीनंतर बघून टाकू." बासुद्धा मागनं काहीतरी बोलत होता.

आता तू खरं सांग. किती वेळ लढलीस? कशी पडलीस? मला आठ सेकंदांवर ठरवायला लावू नकोस.

संताजी

*

मुलींची तालीम, सांगली
२२ एप्रिल २०२५

दादा,

आधी एक विचारते. पासवर्ड कुणाकुणाला दिला होतास?

खरं सांग. कारण आपल्या गावच्या शांताक्कांचा मुलगा मदुराईला आहे, त्यानं घरी सांगितलं, "संताजीच्या खात्यावर आम्ही सगळ्यांनी बघितलं, झकास दिसलं." सेलमच्या लोकांनीही झकास बघितलं. त्रिचीच्यांनीही. तू अख्ख्या गलाईला नंबर वाटलास, आणि माझी कुस्ती लागल्याबरोबर सगळ्यांनी एकदम उघडलं, आणि ज्यानं पैसे भरले तोच बाहेर राहिला. गावात पेपर एकानं घ्यायचा आणि दहा जणांनी वाचायचा, तसं तू केलंस. कंपनीला शिव्या देऊ नको असं मी म्हणत नाही. फक्त ही शिवी तिची नाही.

आता कुस्तीचं. मी हरले. ते खरं आहे. पण चौदा मिनिटं लढले. पहिल्या मिनिटाला तिनं पट काढला, मी सुटले. पाचव्या-सहाव्या मिनिटाला मी तिला ढाकेवर घेतली होती. आणखी दोन हात जागा असती तर ती खाली होती, पण आम्ही लोकांत गेलो आणि पंचांनी परत मध्ये आणलं. नंतर पुन्हा एकदा कब्जा घेतला. शेवटी हात सुटला माझा. त्या शेवटाचे ते आठ सेकंद.

वस्ताद खूश आहेत. त्यांनी पुण्याच्या प्रशिक्षण केंद्रातल्या मॅडमना फोन केला. त्या दरवर्षी राज्यातून सहा मुली घेतात, राहणं-खाणं-शिकणं सगळं तिथं. मॅडम म्हणाल्या, "मला तुकडे नकोत. पूर्ण कुस्ती पाठवा, वीस मेच्या आत, मग बोलू."

पूर्ण कुस्ती आणायची कुठनं? मैदानात कमिटीच्या पोरांनी सगळ्यांचे मोबाईल खाली घ्यायला लावले. हलगीवाल्या पद्मनाभकाकांनी लपून काढलं होतं, त्यांनी टाकलं तर दुसऱ्या दिवशी काढून टाकलं गेलं, वर "हक्कभंग" म्हणून नोटीस आली. भिऊन त्यांनी मोबाईलमधलंही पुसलं. अ‍ॅपवर आता फक्त पहिल्या पाच मोठ्या कुस्त्या ठेवल्यात. माझी नाही.

चौदा मिनिटं मी लढले, आणि ती चौदा मिनिटं कंपनीच्या कपाटात आहेत. मला हा राग कुणावर काढावा तेच कळत नाही.

अ‍ॅपवर खाली पत्ता आहे. तक्रार विभाग, वेलचेरी, चेन्नई. तुझ्याच गावात आहे की रे हे. जाऊन बघशील? भांडू नको. नुसतं माग.

भवानी

*

सौकारपेट, चेन्नई
२९ एप्रिल २०२५

भवाने,

पासवर्ड सतरा जणांना दिला होता. मोजून बघितले. पुढचं ऐक.

काल सोमवारी गेलो. गुरुमूर्तींना सोबत घेतलं, कारण माझी तमिळ "इल्लै" आणि "सरी", म्हणजे नाही आणि बरं, एवढीच, बाकी सगळं हातवारे. वेलचेरीला उतरून शेअर ऑटो केली. काचेची इमारत, खाली कॉफीचं दुकान, वर सहाव्या मजल्यावर ते. दारावर गार्डनं दोघांचे मोबाईल काढून घेतले आणि एका पिशवीत घालून नंबर दिला. आत मोबाईल चालत नाही म्हणे. मी तिथंच तापलो. गुरुमूर्तींनी दंड धरला. "अप्पा, कोप करू नको. हे आपीस आहे, आखाडा नव्हे. मज बोलू दे."

आत हरिप्रिया नावाची मुलगी बसली होती, तुझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी असेल, डोक्याला हेडफोन. गुरुमूर्ती तमिळमध्ये सुरू झाले. मी मध्ये मध्ये "काय म्हणतेय?" विचारायचो, ते हात वर करायचे. दहा मिनिटांनी म्हणाले, "ती म्हणते, पूर्ण कुस्ती देणे तिच्या अधिकारात नाही. ती मालमत्ता आहे."

"कुणाची?"

"कंपनीची."

"माझी बहीण मालमत्ता आहे काय?"

"बहीण नव्हे रे. बहिणीची कुस्ती."

मी म्हटलं, हे तर आणखी वाईट. त्यांनी ते भाषांतर केलं नाही.

मग म्हातारा सरकून बसला आणि दुसरंच काहीतरी बोलायला लागला. एकदम गरीब तोंड करून. मला नंतर कळलं, त्यांनी तक्रारच बदलली. व्हिडिओ नको, आमचे नव्याण्णव रुपये परत द्या म्हणाले, ऐन वेळी आम्ही बाहेर पडलो. रेल्वेत अडतीस वर्षं त्यांनी परताव्याचे अर्ज तपासलेत. त्यांना पक्कं ठाऊक, पैसे परत द्यायचे तर कुठलं मिनिट चुकलं ते कंपनीला बघावंच लागतं. हरिप्रियानं कॉम्प्युटर आमच्याकडं वळवला, सतरा एप्रिलचं मैदान उघडलं आणि विचारलं, कुठपासून दिसलं नाही?

निवेदक म्हणाला, "आता आपल्या गावची लेक..." आणि तुम्ही दोघी मातीत.

आता हसू नकोस. मी चार मिनिटं भलत्याच पोरीकडं बघत होतो. दोन वर्षांत तुला बघितलं नाही, फोनवरही वस्ताद व्हिडिओ लावू देत नाहीत. माझ्या डोक्यात तुझी वेणी. त्यातली धिप्पाड पोरगी बघून मला वाटलं, वा, खुराक लागला. तिनं पट काढला तर मी मांडीवर हात मारला. दुसऱ्या बारक्या, केस कापलेल्या पोरीला म्हणत होतो, आता हिची काय खैर नाही. मग त्या बारकीनं सुटून तोंडावरची माती पुसली, डाव्या हातानं, मनगट उलटं करून. लहानपणी शेंबूड पुसायचीस तसं. तेव्हा कळलं. केस कापलेले कळवता येत नाही होय गं?

हरिप्रिया विचारायची, एवढंच ना? गुरुमूर्ती म्हणायचे, "अजून थोडे पुढे. वय झाले, मिनिट नीट आठवत नाही." परत थोड्या वेळानं ती विचारायची, परत ते म्हणायचे, अजून थोडे. असं करत करत चौदाच्या चौदा मिनिटं काढली म्हाताऱ्यानं. ढाकेला तर तीसुद्धा हेडफोन काढून बघत होती. तू लोकांत गेलीस तेव्हा पुढं बसलेल्या माणसांनी पाय मागं घेतले नाहीत, ते मी बघितलं. पाय घेतले असते तर ती पडली असती. गावचेच होते सगळे, एकेकाला ओळखतो मी. आणि पडल्यावर तू लगेच उठून तिच्या हाताला धरून उठवलंस, ते त्या आठ सेकंदांत नाही.

गुरुमूर्ती डोळे पुसत म्हणाले, "कुस्ती आम्हांस समजत नाही. परंतु ही मुलगी सोडणारी नव्हे."

नंतर मी हरिप्रियाला म्हटलं, आता हेच पेनड्राइव्हवर द्या. तिनं तिच्या साहेबाला बोलावलं. साहेब मिनिटाला चार हजारचा भाव बोलला, तोही चॅनेलवाल्यांसाठी. आम्हाला त्यातही नाही. एकच वाट सांगितली. हक्क विकणाऱ्या कमिटीनं लेटरहेडवर लिहून मागितलं तर वरून परवानगी मिळेल. म्हणजे तात्या. तात्यानं एक कागद लिहिला की झालं. तू बाकडून त्याला सांग, मीही फोन करतो.

नव्याण्णव रुपये मात्र परत मिळाले. आल्या आल्या गुरुमूर्तींना त्याची कॉफी पाजली.

इथं सगळं ठीक आहे. भट्टी जोरात आहे.

संताजी

*

मुलींची तालीम, सांगली
६ मे २०२५

दादा,

भट्टी जोरात आहे ना? मग तुझे मालक तात्यांना फोन करून का सांगतात की सोमवारी न विचारता गेला, ऐन अक्षय्यतृतीयेच्या तोंडावर, आणि मंगळवारी त्याचा हिशेब केला? मंगळवारी म्हणजे एकोणतीस तारीख. त्याच दिवशी तू मला "सगळं ठीक आहे" लिहिलंस. कुठं झोपतोस? जेवतोस कुठं?

बा रविवारी फोनवर म्हणाला, "एक माती खाते, दुसऱ्यानं पोटावर माती घालून घेतली." आणि फोन ठेवला. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

तात्यांकडं मी स्वतः गेले होते, शनिवारी वस्तादांकडून सुट्टी मागून. ओट्यावर बसले होते, चार माणसं होती. मी म्हटलं, "तात्या, एक कागद द्या, माझी कुस्ती मला मिळंल." तात्या म्हणाले, "अगं, तीन वर्षांचा करार आहे. पहिल्याच वर्षी तक्रारीचा कागद पाठवला तर कंपनी म्हणंल कमिटी कटकटी आहे." मी म्हटलं, ही तक्रार नाही, विनंती आहे. तर म्हणाले, "हरलेल्या कुस्तीचं काय करायचंय तुला? पुढच्या वर्षी जिंक, ती मागून देतो." चार माणसं हसली. त्यातला एक त्या दिवशी पुढच्या रांगेत बसला होता. पाय न घेणारा.

पुढच्या वर्षी म्हणे. पुढच्या वर्षी मी कुठं असणार हे तेच ठरवतायत. बारामतीकडचं एक स्थळ आणलंय त्यांनी. मुलाचं शेततळं आहे, म्हणून बाला पसंत आहे.

तू एवढं केलंस, नोकरी घालवलीस, कुस्ती बघितलीस. मला बरं वाटलं, खोटं बोलत नाही. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि वस्तादांनी दोनदा. पण आता पुरे. पुण्याला व्हिडिओशिवाय काही होत नाही, आणि व्हिडिओ मिळत नाही. तू आधी कामाचं बघ. मी जूनमध्ये घरी जाईन. खुराकाचे पैसे या महिन्यापासून पाठवू नको, तुलाच लागतील.

भवानी

*

ओरगडम, चेन्नई
१२ मे २०२५

भवाने,

हे पत्र स्पीडपोस्टनं पाठवतोय. वस्ताद, तुम्ही आधी वाचाल तर वाचा, तुमच्याशी बोलून झालंय.

झोपतोय ओरगडमला. ट्रकचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कंत्राटावर लागलोय, एका खोलीत सहा जण, चार ओडिशाचे, एक बिहारी आणि मी. रात्री सगळे आपापल्या भाषेत घोरतात. गलाईतल्या तेजाबाचा वास नाही, हे एक सुख. मालकांवर माझा राग नाही, ऐन धंद्यात उठून गेलो, त्यांनी केलं ते बरोबर. तुला सांगितलं नाही कारण तू हेच लिहिणार होतीस जे लिहिलंस.

पण तू तरी कुठं सगळं सांगितलंस? परवा मी वस्तादांना फोन केला, म्हटलं पुण्याच्या मॅडमचा नंबर द्या, मी पाया पडून सांगतो की मी कुस्ती बघितलीय. वस्ताद म्हणाले, "पाया कशाला पडतोस? मॅडमनी दोन वाटा सांगितल्या होत्या. व्हिडिओ पाठवा, नाहीतर स्वखर्चानं मुलीला घेऊन या, दहा दिवस इथं उतरवा, बघते. राहण्या-जेवणाची सोय आपली आपण. भवानी म्हणाली, दुसरी वाट दादाला सांगू नका."

आता यावर काय बोलावं? मी काचेच्या इमारतीत मोबाईल पिशवीत घालून बसतो, म्हातारा तास-तासभर खोटं बोलतो, तू तात्याच्या ओट्यावर जाऊन चार माणसांत हसू करून घेतेस, आणि सरळ रस्ता तुझ्या तोंडात. खर्च होईल म्हणून. खर्चाचा विचार मी करायचा की तू? तू ढाक मारायचीस, एवढंच तुझं काम. एवढी वर्षं पैसे पाठवताना कधी विचारलं का मी, कशाला पाहिजेत म्हणून?

बाला काल फोन केला. तात्याशेजारीच बसला होता. मी म्हटलं, बा, मी बघितली कुस्ती. बा म्हणाला, "आम्ही पण बघितली, पडली की." मी म्हटलं, तुम्ही सगळ्यांनी मैदानातनं बघितली आणि पडलेलीच बघितलीत. मला सहाव्या मजल्यावर, तमिळ पोरीच्या कॉम्प्युटरवर, परक्याच्या परवानगीनं बघायला लागली, पण मी चौदा मिनिटं बघितली. बाच्या मागनं तात्या म्हणत होता, "त्याला सांग, कंपनीशी पंगा नको." मी म्हटलं, कंपनीचं कंपनीला राहू दे. ती पुण्याला जातेय. तिथं ती परत लढेल, आणि ते कुणी विकलेलं नाही अजून. बा फोन ठेवताना एवढंच म्हणाला, "गाडीनं जाऊ नका म्हणावं, रेल्वेनं जा. गाडी लागते तिला." त्यावर तूच काय समजायचं ते समज. मी एवढं समजलो की तो शेततळेवाल्यांना या महिन्यात तरी होकार देत नाही.

वस्ताद तुला आणि एका मोठ्या पोरीला घेऊन सोळा तारखेच्या रेल्वेनं निघणार. उतरायला त्यांच्या ओळखीची खोली आहे, भाडं द्यायचं. दूध तिथलं महाग आहे म्हणे, तरी कमी पिऊ नको. सात किलोनं मोठी पोरगी परत पुढं आली तर पहिली दोन मिनिटं काढ. कडेला जाऊ नको. मध्येच ठेव तिला. कुणाचे पाय आडवे येणार नाहीत अशा ठिकाणी.

गुरुमूर्ती रविवारी एग्मोरला भेटले, दुकानात आलेलं तुझं पत्र घेऊन. त्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, "मुलीस कळव, आम्ही इकडे देवळात दिवा लावणार आहोत. कोणत्या देवाला ते ठरले नाही, जो लवकर ऐकेल त्याला." हाताला धरून शंभराची एक नोट दिली, तीही खालच्या रकमेत धरलीय.

गलाईतला सगळा हिशेब मिळाला होता. इथला पहिला पगार सात जूनला होतो. तोवर डाळ-भात उधारीवर आहे, वांधा नाही. खिशात कारखान्याच्या बसपुरते ठेवून बाकी सगळे आज वस्तादांच्या खात्यावर टाकले.

सतरा हजार सहाशे रुपये.